शिवा काशिदांना चेहरा देताना : सव्वादोन सेंटिमीटरच्या एका मस्तकाची गोष्ट

१/८
पन्हाळा आणि विशाळगड यांच्या मधल्या डोंगराळ टापूत मलकापूर वसले आहे. विशाळगडच्या पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचे हे ठाणे होते. याच गावातील एक तरुण फावल्या वेळात ऐतिहासिक योद्ध्यांच्या लघुमूर्ती घडवतो. सध्या त्याच्या हाती एक मस्तक आहे : शिवा काशिदांचे. हा धागा त्या मस्तकाविषयी, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी.

२/८
प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला होता. १२ जुलैच्या पावसाळी रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की, दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष केलेले शिवा काशिद बसले होते. ती पालखी शत्रूने धरली. सोंग उघडकीस येताच काशिदांना प्राण द्यावे लागले. पण तोवर महाराज पुढे निघून गेले होते. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले आणि ती खिंड पावन झाली.

३/८
ही युक्ती साधली कशी? सतराव्या शतकात राजा ओळखला जाई तो त्याच्या सरंजामावरून : पालखी, शिरपेच, अंगरखा, भोवतीच्या लोकांची अदब. वेढ्यातील बहुतेक शिपायांनी महाराजांना कधी जवळून पाहिलेले असण्याचे कारण नव्हते. पावसात, मशालीच्या उजेडात दाढीची ठेवण आणि नाकाची धार एवढेच पुरेसे झाले असावे. म्हणजे या घटनेचा गाभाच चेहरा आणि ओळख यांतील अंतरात आहे.

४/८
मूर्तिकारासमोर साधने दोन प्रकारची. महाराजांची दख्खनी शैलीतील चित्रे आज लंडन, ॲमस्टरडॅम येथील संग्रहालयांत आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र लोकांसमोर आणले. तोवर दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. दुसरे साधन वर्णनांचे. १६६४ च्या सुमारास सुरतेतील इंग्रज पाद्री एस्कॅलिओ याने, महाराजांना पाहिलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, मध्यम उंची, ताठ बांधा, भेदक नजर आणि बोलताना उमटणारे स्मित यांची नोंद केली. मात्र चित्रे उत्तरायुष्यातील वा त्यानंतरची. पन्हाळ्याहून निघाले तेव्हा महाराज तीस वर्षांचे होते. चित्रातील गाल आणि दाढी जशीच्या तशी उचलली, तर वीस वर्षांची चूक होते.

५/८
आता हातातले काम. प्रमाण एकास दहा. सव्वादोन सेंटिमीटरच्या मस्तकात एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या चेहऱ्यावर एक सेंटिमीटर चुकतो. तारेच्या टोकावर दोन भाग मळून केलेल्या इपॉक्सी पुट्टीची अंडाकृती कवटी प्रथम बसवून ती पूर्ण कडक होऊ द्यायची. मग मध्यरेषा. डोळ्यांची रेघ मस्तकाच्या अर्ध्यावर येते. नवशिक्याला ती वर वाटते. केसांच्या कडेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा पाया, तिथून हनुवटी असे तीन सारखे भाग. कान भुवई आणि नाकाचा पाया यांच्या मध्ये.

६/८
जिवंतपणा येतो तो पापण्यांनी. सुमारे अडीच मिलिमीटरची बुबुळासहित डोळ्याची गोळी आधी वाळवायची, मग तिच्यावर पुट्टीची बारीक वळी ओल्या सुईने बसवायची. वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग किंचित झाकते. पूर्ण वर्तुळ दिसले की माणूस दचकलेला भासतो. आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या की चेहऱ्याचा मुखवटा होतो. खऱ्या माणसाची एक भुवई थोडी खाली असते, ओठाचा एक कोपरा अधिक दबलेला असतो.

७/८
इथेच पेच पडतो. बघणाऱ्यांना महाराजांसारखा चेहरा हवा असतो. त्याशिवाय काशिद ओळखू येणार कसे? पण पूर्ण साम्य साधले, तर जो माणूस दुसऱ्याचा चेहरा पांघरून मेला, त्याचा स्वतःचा चेहरा आपण दुसऱ्यांदा पुसतो. मलकापूरच्या तरुणाने काढलेला मार्ग असा : हातभर अंतरावरून जे दिसते, म्हणजे पागोटे, दाढीची रेघ, नाक, ते महाराजांच्या चित्रांचे. जवळ आणल्यावर जे दिसते, म्हणजे गालाची हाडे, पापण्यांचा जडपणा, कपाळावरची आठी, ते शाहूवाडी-पन्हाळा भागातील आजच्या माणसांना निरखून घेतलेले. बैठकीखालच्या पट्टीवर तो ‘कल्पित मुखाकृती’ असे कोरणार आहे.

८/८
त्या दोन शब्दांचे मोल इतिहासाच्या अभ्यासकाला कळावे. बाजीप्रभूंचे समकालीन चित्र आपल्यापाशी नाही, काशिदांचेही नाही. तरी पन्हाळ्यावरचे पुतळे पाहून आपल्या मनात त्यांचे चेहरे पक्के झाले आहेत. पुतळा स्मरणासाठी असतो, पुराव्यासाठी नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला काशिदांची समाधी आहे. तिथे गेलात तर क्षणभर हा विचार करा : ज्या माणसाने एका रात्रीपुरते आपले नाव आणि रूप बाजूला ठेवले, त्याला ओळखण्यासाठी आपल्याला आज त्याचे नाव पुरते.