न तपासतां

“चित्र नुसतें पाहिल्यानें संगणकाचें कांहीं बिघडत नाहीं,” असें मीं वर्गांतील मुलांना किती तरी वेळां ठामपणें सांगितलें होतें. अनोळखी प्रोग्राम उघडूं नये हें खरें. पण चित्राची कसली भीति? सप्टेंबर २०२३ मध्यें माझें हें म्हणणें खोटें ठरलें.

वेबपी जातीचीं चित्रें उलगडून दाखविण्याचें काम अनेक ब्राउझरांत लिबवेबपी नांवाचा प्रोग्राम करितो. त्यांत घातक दोष असल्याची वर्दी अ‍ॅपल कंपनीच्या सुरक्षा विभागानें व टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅबनें दिली. गूगलनें ११ सप्टेंबर रोजीं क्रोम ब्राउझरची दुरुस्त आवृत्ति काढली, आणि या दोषाचा दुरुपयोग आधींच होऊं लागल्याचेंही सांगितलें.

दोष होता तो असा. चित्राच्या फाइलींत रंग नसतात, केवळ आंकडे असतात. आणि जागा वांचावी म्हणून ते हफमनच्या पद्धतीनें आखूड केलेले असतात. डेव्हिड हफमन यांनीं ही पद्धति विद्यार्थिदशेंत शोधली व १९५२ सालीं प्रसिद्ध केली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत, क्वचित् येणाऱ्याला लांब. हे संकेत उलगडण्यास एक कोष्टक मांडावें लागतें. त्यासाठीं लिबवेबपी मेमरींत ठराविक जागा राखून ठेवी, व सरळ फाइलीस ती पुरे. परंतु कपटानें रचलेल्या फाइलीचें कोष्टक तेवढ्यांत मावेना. आणि फाइल बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वींच प्रोग्राम लिहीत सुटे. मापटें भरल्यावरही धान्य ओतीत राहावें आणि तें शेजारच्या पिठांत सांडावें, तसे ते आंकडे शेजारच्या मेमरींत सांडत. या सांडण्याचाच उपयोग करून दुष्ट मनुष्य संगणक ताब्यांत घेऊं शके. उपाय मात्र साधा होता: आधीं कोष्टकाचा आकार मोजावा, मग लिहावें.

ही हकीकत वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यापाशीं उभा राहून सांगितलें, “मुलांनो, मीं तुम्हांस चुकीचें शिकविलें.” शब्द निघावयास अंमळ वेळ लागला. मागच्या बांकावरून एका मुलीनें विचारलें, “सर, मग चित्रें पाहूंच नयेत काय?”

“पाहावीं,” मीं म्हणालों, “पण ब्राउझर नवा करण्याची सूचना आली, तर ती उद्यांवर टाकूं नये.” माझ्या संगणकावर ती सूचना चार दिवस तशीच पडून होती, हेंही मीं कबूल केलें.

घरीं जातांना त्या प्रोग्रामास नांवें ठेवण्याचें मला धैर्य झालें नाहीं. त्यानें न तपासतां लिहिलें होतें; मीं न तपासतां शिकविलें होतें.