वाजवून घेतलेला ब्लॉक

१९३२ साली फोर्डने स्वस्त मोटारीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले. कॅलिफोर्नियातील तरुणांनी तीच जुनी मोटार हलकी करून मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवली. हा झाला हॉट रॉडचा लिखित इतिहास. तो वाचून मी लॉस एंजेलिसजवळ एका नव्वदीच्या मशिनिस्ट आजोबांकडे गेले.

या इंजिनाचा जळका वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो. ब्लॉक तापतो, तडकतो. म्हणून भंगारातला ब्लॉक ते आधी हातोडीने वाजवून पाहत, आपण मडके पाहतो तसा. खणखणीत वाजला तर कामाचा, बद्द वाजला तर परत भंगारात.

त्यांनी हातोडी मारली. आताशा त्यांना नीट ऐकू येत नाही.

"कसा वाजला?"

मला सांगता येईना. त्यांनी शेजारचा, तडकलेला ब्लॉक पुढे ओढला आणि हातोडी माझ्या हाती दिली.