वहीत नसलेली आजी

त्र्यंबकेश्वर

ती. आत्यास,


आजीचं तेरावं नीट पार पडलं. तुझ्या गुडघ्यांचं तिच्या शेवटपर्यंत ध्यानात होतं. "तिला एवढ्या प्रवासाला लावू नका," असं तिनंच बजावून ठेवलं होतं, तेव्हा येता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

दिवस झाल्यावर माडीवरच्या पेटीतल्या नामावळीच्या वह्या काढून बसलो. यजमानाचं गाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, कोणत्या विधीला आले ते, खाली सही नाहीतर अंगठा. आपल्या कितीतरी पिढ्यांनी हे निगुतीनं लिहिलंय. पण खानदेशातल्या त्या म्हाताऱ्या बाईंना वांगं चालत नव्हतं, त्यांच्या सुनेला इथंच पहिल्यांदा डोहाळे लागले, हे कुठल्याच वहीत नाही. ते आजीजवळ होतं. माणूस दारात उभा राहिला, की बाबा वही शोधायचे आणि आजी आतूनच विचारायची, "तुमच्या आईचा दमा कसा आहे?"

तिचं कालमापन सिंहस्थाचं. १९५६च्या आदल्या वर्षी ती सून म्हणून आली. तू १९६८च्या आधीची, मी १९८०च्या नंतरचा. १९५६पासून २०१५पर्यंत सहा सिंहस्थ तिनं या घरातून पाहिले. आखाड्यांचे साधू कुशावर्तावर स्नानाला निघाले, की गावभर धावपळ. ती मात्र चुलीपाशी. पहिल्या वेळी नवी सून असताना पंगतीमागून पंगती वाढल्या, हे ती अगदी अलीकडेपर्यंत अभिमानानं सांगायची. आणि तो अभिमान रास्त होता, असं मला वाटतं.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या आल्या, की तिच्या अंगात वेगळंच बळ यायचं. थंडीनं काकडलेले वारकरी पडवीत टेकले, की आधी कढत पाणी, मग भगर आणि दाण्याची आमटी. त्यांच्याकडून दक्षिणा येणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असायचं. द्वादशीच्या पारण्याला मात्र तूप जरा जास्तच पडायचं.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नव्हती. २०१६च्या एप्रिलमध्ये बायका गाभाऱ्यात गेल्या, तेव्हा गावात किती ताणाताणी झाली, ते तू पेपरात वाचलं असशील. घरात कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नव्हतं. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात. संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "त्यांना तिन्ही दिसली का रे?" आपल्याकडे पिंडीच्या जागी खळगा, त्यात ब्रह्मा-विष्णू-महेशांची अंगठ्याएवढी तीन लिंगं. साठ वर्षं ती देवळापासून हाकेच्या अंतरावर राहिली, आणि ती लिंगं तिनं पाहिली ती वर लावलेल्या आरशात. मी म्हटलं, दिसली असतील. "पाणी असतं ना त्यात, वाकून बघावं लागतं," म्हणाली, आणि वाती वळत बसली. तिनं कुणाची बाजू घेतली नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्या बायकांच्या बाजूचा आहे. जिनं या देवाच्या नावानं येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घातलं, तिला देव सरळ बघता येऊ नये, याला कुठलंही कारण मला पुरेसं वाटत नाही.

आता पुढच्या सिंहस्थाची तयारी गावात सुरू आहे. यजमान येतील, आजीला विचारतील. म्हणून मी एक कोरी वही घेतली आहे. वहीत माणसांच्या नावापुढे आजी जे सांगायची ते लिहितोय. बाबांना थोडंच आठवतं. त्यांचं लक्ष विधीकडे. स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली तू होतीस.

तेव्हा एवढं कळव. दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून भिजून यायच्या, आणि ज्यांच्यासाठी ती नागलीची भाकरी राखून ठेवायची, त्या दोघी बहिणी कुठल्या? पेठकडच्या की हरसूलच्या? बाबा म्हणतात पेठ, मला हरसूल वाटतं. आणि त्यांतली थोरली आजीला काय म्हणून हाक मारायची?

तुझा भाचा