साहेबांचं ऑफिस

परवा पुतण्याचा अमेरिकेहून फोन आला. म्हणाला, "मोठेबाबा, तुमच्या त्या खोलीवर टॅक्समध्ये सूट घेता की नाही?" ती म्हणजे आमची पुढची खोली. तिथे माझं टेबल, भाड्याच्या पावत्या, लाइटबिलांची फाइल. घरचे तिला 'साहेबांचं ऑफिस' म्हणतात! कचारगडच्या पायथ्याशी आमचं घर, मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात.

त्याच्याकडे घरातली जागा नियमित आणि फक्त धंद्यासाठी वापरली तर चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० फूट, असा सोपा हिशेब असतो. भाड्याचा कारभारही धंदा ठरण्याइतका असावा लागतो. आपल्याकडे भाडं हे घराचं उत्पन्न. त्यात टेबल, पेन, कामासाठी मारलेली सालेकशाची फेरी, काहीच धरत नाहीत. प्रत्येकी ३,००० प्रमाणे दोन खोल्यांचे वर्षाला ७२,०००. भरलेली घरपट्टी १,२०० वजा. उरलेल्या ७०,८०० चे ३० टक्के, म्हणजे २१,२४०, सरसकट वजा. बिल नको, पावती नको. राहिले ४९,५६०, ते पेन्शनमध्ये मिळवायचे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ३० टक्केच आहेत. घरपट्टी मात्र ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजा होते, म्हणून मी मार्चच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन येतो.

रिटर्न भरून देणारा एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, ट्यूशन घेता असं दाखवू. खोलीचा खर्च निघून जाईल." ट्यूशनचे पैसे घेत असतो तर तो व्यवसाय झाला असता, खोलीचा वाजवी खर्चही धरता आला असता. पण मी मुलांना फुकट शिकवतो. ३६ वर्षं हजेरीपटावर खोटी खूण केली नाही, आता कशाला? (माघ पौर्णिमेच्या यात्रेला ओळखीचे लोक पडवीत मुक्काम करतात, तेही फुकटच. तिथेही हिशेब नाही.)

यंदा पावसात कौलं फुटली, ३५,००० लागले. सूट तेवढीच, २१,२४०! राग आलाच. पण आधीची चार वर्षं एक खिळा मारला नव्हता, तेव्हाही ३० टक्के मिळालेच होते की.

भाडेकरूंसाठी नवा संडास बांधला, त्याचं बिल मात्र वेगळ्या फाइलला लावलंय. ती घरातली सुधारणा, पुढे घर विकताना नफ्यातून वजा होते. मी काही विकणार नाही. फाइल कुठे आहे ते पोरांना सांगून ठेवलंय.