वरंधा घाट आणि आमची लहान गाडी

भोर सोडून महाडकडे निघालें म्हणजे कांहीं कोस नीरा-देवघरच्या जलाशयाची संगत असते. पाणी ज्या ज्या खोऱ्यांत शिरलें आहे, त्या त्या खोऱ्यास वळसा घालीत रस्ता जातो. मग चढण लागते. पुणें जिल्हा संपतो आणि रायगड जिल्ह्यांत वरंधा घाट उतरूं लागतो. गेल्या मार्गशीर्षांत हरिहरेश्वराच्या दर्शनास आम्ही याच वाटेनें गेलों. गाडी पुतण्याची, जुनी मारुती ८००, सारथीहि तोच. ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें हिचें इंजिन. ही जात १९८३ सालीं निघाली आणि २०१४ सालीं बंद झाली. 'हें खेळणें घाट काय चढणार?' अशी शंका शेजारच्या मंडळींनीं काढली होती.

चढलें. दुसऱ्या गिअरवर कुरकुरत चढलें, पण कोठें अडलें नाहीं. समोरून एस. टी. आली कीं मोठ्या मोटारींस मागें सरावें लागे. आमची वामनमूर्ति कठड्याशीं अंग चोरून उभी राही. वस्तुतः अरुंद घाटांत उतरणाऱ्यानें थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा नियम आहे. तो ठाऊक असलेले चालक थोडे, आणि पाळणारे त्याहून थोडे.

खरी परीक्षा उतरणींत. माथा ओलांडतांच पुतण्यानें गाडी न्यूट्रलवर टाकली. पेट्रोल वांचतें म्हणे! मागील आसनावरून सौ. म्हणाल्या, "अरे, गाडी एकाएकीं गप्प कां झाली?" आम्हीं त्यास तेथेंच थांबावयास लाविलें.

"काका, सगळे असेच उतरतात."

"सगळे पोहोंचतात काय?"

गिअर काढला म्हणजे इंजिनाचा लगाम सुटतो. सारा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर पकड सोडतात. तरुण मंडळी हिशेबांत हुशार. पण चार रुपयांचें पेट्रोल जमेस धरतांना शेजारची दरी खर्चीं मांडावयाची राहून जाते. ज्या गिअरवर घाट चढावा त्याच गिअरवर उतरावा, ही जुन्या चालकांची रीत. पुतण्याचें तोंड जरा उतरलें. परंतु त्यानें दुसरा गिअर घातला, व प्रत्येक आंधळ्या वळणाआधीं हॉर्न देऊं लागला.

वाघजाईच्या देवळापाशीं थांबून भजीं खाल्लीं. माकडें पुडीवर टपलेलीं होतींच. कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून हा रस्ता काढला आहे. खालीं शिवथरचें खोरें. तेथील घळींत समर्थांनीं दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ती घळ १९३० सालीं शोधून काढली. आम्ही हें सांगत असतां पुतण्या मात्र पुढचीं वळणें मोजीत होता.

वरंध गांवीं पोहोंचलों तेव्हां उन्हें कललीं होतीं. पुतण्यानें खालीं उतरून चाकाजवळ हात नेला आणि म्हणाला, "काका, कोमटच आहे."