दोन सेकंदांचं आयुष्य

दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण एक सहस्रांश सेकंद जातो. एखाद्या रायफलच्या नळीनं दीड हजार गोळ्या झाडून मान टाकली, तर तिच्या कामाचा सगळा वेळ मिळून दोन सेकंदही भरत नाहीत. बाकीची वर्षं ती कपाटात तेल पिऊन निवांत.

१९३५ साली विंचेस्टर कंपनीनं .२२० स्विफ्ट हे काडतूस बाजारात आणलं आणि या दोन सेकंदांवरून अमेरिकेत जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. जेमतेम तीन ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साडेबाराशे मीटर, आवाजाच्या साडेतीनपट. माळावर तीनशे मीटरवर उभा प्रेअरी डॉग (नाव कुत्र्याचं, कूळ खारीचं) टिपायचा, तर गोळी वाटेत फारशी खाली येता कामा नये. एवढ्यासाठी हा अट्टाहास! पण ‘स्विफ्ट नळ्या खाते’ अशी तिची लवकरच ख्याती झाली. थोडी खरी, थोडी बंदूकवाल्यांच्या गप्पांतून फुगलेली.

गोळी घासून नळी झिजते, असं सहज वाटतं. पण गोळीचं आवरण तांब्याचं, पोलादापुढे मऊच. खरा घाव ज्वाळेचा. जळत्या दारूचे वायू दोन हजार अंश सेल्सिअसच्या पार जातात. पोलाद तर पंधराशेच्या आसपास वितळतं. आच क्षणभराचीच, म्हणून नळी तगते. मात्र काडतुसाच्या लगेच पुढे, जिथे पेचदार खाचा सुरू होतात, तो घसा सगळा मारा झेलतो. पृष्ठभागाचा पातळ थर तापून फुगतो, लगेच आकसतो. वायूंमधला कार्बन आत शिरून त्याला ठिसूळ करतो. नळीत बारीक कॅमेरा सोडला, की मे महिन्यातल्या आटलेल्या तळ्याचा तडकलेला तळ दिसतो. मग भेगांच्या कडांचे टवके उडू लागतात.

.२२३ रेमिंग्टन या दुसऱ्या काडतुसाची नळीही तेवढ्याच व्यासाची, पण स्विफ्टमध्ये दारू जवळजवळ दीडपट. वाट तेवढीच अरुंद, वणवा दीडपट. म्हणूनच .२२३ची नळी काही हजार गोळ्या सहज काढते.

काडतुसाइतकाच दोष बोटाचाही. साउथ डकोटा, वायोमिंगच्या माळांवर प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती असतात. एक बिळात गेला की दुसरा डोकावतो, आणि चापावरचं बोट थांबत नाही. नळी हाताला चटका देऊ लागली, की पुढच्या प्रत्येक गोळीची आच आणखी खोल शिरते. जाणकार दोन-तीन रायफली नेतात आणि आलटून पालटून वापरतात.

या छंदात नळीच्या दुःखावर जेवढी शाई खर्च होते, तेवढी त्या प्राण्यावर होत नाही, हे खटकतं. पशुपालकांना तो उपद्रवी वाटतो. काळ्या पायांचा फेरेट या शिकारी प्राण्याचं मात्र पोट त्याच्यावरच चालतं. नामशेष झाला असं मानलेला हा फेरेट १९८१ साली वायोमिंगमधल्या मीटीट्सीजवळ पुन्हा सापडला, तोही एका पाळीव कुत्र्यानं मारून घरी आणला म्हणून.

नळीची झीज शेवटी नेमबाजीच्या लक्ष्याच्या कागदावर कळते. एका नाण्याखाली झाकली जाणारी भोकं हळूहळू पांगतात. घसा पुढे सरकतो तशी काडतुसं घरी भरणारे नेमबाज गोळी थोडी बाहेर बसवून त्याचा पाठलाग करतात. तेही पुरेनासं झालं, की कारागीर मागचा इंचभर भाग कापतो, नवे आटे पाडतो, काडतुसाचं घर पुन्हा कोरतो. आखूड झालेली नळी आणखी काही काळ चालते; शहाणा नेमबाज तेवढ्यात नवी मागवून ठेवतो.