लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नाही



जीवदया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पक्ष्यांना दाणे, पांजरपोळाला चारा, पर्वाच्या दिवसांतलं दान असंच काही येतं. ते चांगलंच आहे. पण गेल्या वैशाखापासून मी एका घोडीचा पाय बरा होताना रोज पाहते आहे. एका दिवसाची दया सोपी असते, दहा महिन्यांची फार अवघड, हे मला तिथं कळलं. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

घोडीचं नाव चांदणी. वरातीची पांढरी घोडी. आमच्या घरामागेच तिचा तबेला आहे आणि तिच्या मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. वैशाखात एका वरातीत डीजेच्या तालावर नाचताना ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. खाली येताना तिचा पुढचा उजवा पाय उखडलेल्या रस्त्याच्या कडेवर पडला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली सूज, हात लावला तर गरम, आणि पाय टेकवेना.

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मला नवल वाटलं. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांसल भागच नसतो. हाड, दोरखंडासारख्या कंडरा, लिगामेंट आणि वर कातडी, एवढंच. त्यात उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. नळीच्या हाडामागून एक जाड लिगामेंट खाली जातं आणि खुरावरचा सांधा झोळीसारखा तोलून धरतं. चांदणीचं तेच फाटलं होतं. सोनोग्राफीत तिथं काळा डाग दिसत होता. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते भरायला आठवडे नाही, महिने लागतात.

ओळखीच्या काहींनी मामांना डाग द्यायला सांगितलं. तापलेल्या सळईनं डागलं की पाय लवकर भरतो, हा समज आपल्याकडे अजून आहे. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात याचा अभ्यास झाला, तेव्हा डागण्याचा काही फायदा दिसला नाही. मुक्या जिवाला वेदना मात्र दुप्पट होतात.

मग खरं काम सुरू झालं. सुरुवातीचे दिवस दिवसातून तीन-चार वेळा पायावर वीस मिनिटं गार पाणी सोडायचं. नंतर कापसाची जाड घडी ठेवून पट्टी बांधायची, आणि ती दोन्ही पायांना. दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर येतो, म्हणून त्यालाही आधार लागतो. नालबंदाला बोलावून खूर नीट कापून घेतले, कारण खुराचं टोक वाढलं की मागच्या लिगामेंटवर ताण येतो. आणि फिरणं पूर्ण बंद.

याच काळात दशलक्षण पर्व आलं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकताना सातव्या दिवशी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्याहून जास्त भार लादणं, अन्नपाणी तोडणं. माझ्या मनात आलं, आपण चांदणीला बांधून ठेवलंय आणि तिची चंदीही कमी केली आहे. मग हे काय?

डॉक्टरांच्या बोलण्यात मला त्याचं उत्तर मिळालं. चंदी कमी केली, कारण उभ्या उभ्या हरभरा खाऊन घोडी अंगात येते, उड्या मारते आणि पाय पुन्हा फाटतो. पण वाळलेलं गवत तिच्यापुढं सतत ठेवायचं. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं तयार होत असतं, त्यामुळे जास्त वेळ उपाशी राहिली तर पोटात जखमा होतात. बांधणंही कायमचं नव्हतं. काही आठवड्यांनी हातात दोर धरून पाच मिनिटं चालवायचं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. सपाट, घट्ट जमिनीवर आणि सरळ रेषेत. वाळूत नाही, गोल गोल नाही. नव्यानं आलेले धागे गुंतवळासारखे कसेही पसरतात. मोजका भार पडत राहिला तरच ते एका दिशेनं लागतात. म्हणजे भार अजिबात नको असं नाही, अतिभार नको. मोतद्दार दोर धरायचा आणि मी घड्याळ धरून बाजूनं चालायचे. हळूहळू वेळ जवळजवळ एका सामायिकाइतका झाला.

खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू. चांदणी तोपर्यंत छान चालत होती. सूज नाही, लंगडणं नाही. मामा म्हणाले, "वैनी, आता तर ती दुडकायला बघतीया. सुपारी घेऊ का?" त्यांचं काय चुकलं? सहा महिने घरात कमाई नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. काळी जागा भरली होती, पण धागे अजून सरळ लागले नव्हते. ते म्हणाले, "दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते. मधल्या काळातच घोडी कायमची जायबंदी होते." शिवाय भरलेली जागा मूळच्यासारखी लवचीक कधीच होत नाही. रफू केलेलं कापड शेजारून फाटतं, तसं.

त्या दिवशी मला वाटलं, मामांना नुसतं 'थांबा' म्हणणं ही दया नव्हे. थांबायचा खर्च कोण उचलणार? मी मंडळात विषय काढला. पर्वात वाटायच्या भेटवस्तूंसाठी जमवलेले पैसे शिल्लक होते. त्यातून चांदणीचा चारा आणि डॉक्टरांची फी असं ठरलं. सगळ्या खूश नव्हत्या. "घोडी त्यांची, कमाई त्यांची, मग खर्च आपण का?" असं एकीनं विचारलंच. दुसरी म्हणाली, "वरातीत तिला नाचवायला पैसे उधळतो ते आपलेच ना?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

आता फाल्गुन आहे. चांदणी दिवसातून दोनदा फिरते, मध्ये थोडी थोडी दुडकते. वैशाखात हलक्या कामाला हरकत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण नाचणं आणि दोन पायांवर उभं राहणं कायमचं बंद. मामांनी तसं ठरवलं आहे. त्यामुळे दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलीसुद्धा.

म्हणून मैत्रिणींनो, घरात लग्न ठरलं तर घोडी सांगतानाच घरच्यांना बजावा: नाचवायची नाही, वर एकच जण बसेल, नवरदेवापुढं आणखी मूल बसवायचं नाही, आणि पैसे मात्र पूर्ण द्यायचे. घोडी लंगडताना दिसली तर तिला परत पाठवा, पण त्या दिवसाचे पैसे कापू नका. पैसे कापले तर लंगडणारी घोडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वरातीत उभी राहील.